ज्वर एक, विषाणू चार

बऱ्हाणपूर हे तापीकाठचे जुने नगर. त्याच्या तटबंदीच्या दरवाजांपैकी एकास शनवारा म्हणतात, दुसऱ्यास इतवारा. पुण्याच्या शनिवार, रविवार, सोमवार या पेठांत वावरलेल्या माणसास ही नावे ऐकताच घरची वाटावीत. वारांवरून वस्तीस नाव देण्याची चाल मुठेच्या काठी होती तशीच तापीच्या काठीही होती. आज हे नगर मध्यप्रदेशात आहे आणि २००३ सालापासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. तथापि रावेर-भुसावळकडचा खानदेश त्यास लागूनच असल्यामुळे तेथे मराठी बोलणे कानांवर पडते. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजा या शहराच्या पुऱ्यांत येऊन गेल्या, आणि १७६० साली उदगीरच्या विजयानंतर ते मराठ्यांच्या पदरात पडले, हा राजकीय इतिहास वाचकांस ठाऊक आहे. आम्हांस येथे दुसराच इतिहास सांगावयाचा आहे. तो एका तापाचा आहे, आणि त्या तापास नेमके ओळखण्यासाठी कित्येकांनी केलेल्या खटपटीचा आहे.

पावसाळा सरत आला, गणपती उठले, पितृपक्ष लागला, की घरोघर अंगदुखीच्या तापाची वार्ता सुरू होते. डोळ्यांच्या खोबणीमागे ठणका, सांध्यांत मोडून आल्यासारखी वेदना, अंगावर बारीक पुरळ. रक्त तपासून येते आणि घरातील मंडळी शेजाऱ्यास सांगतात, ‘डेंग्यू निघाला.’ हे सांगणे खरे असले तरी अर्धे असते. डेंग्यू कोणता, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः डेंग्यूचे विषाणू चार आहेत. ते सख्ख्या भावांसारखे दिसतात, परंतु एकाची ओळख दुसऱ्यास चालत नाही. यंदा चौघांपैकी कोण आला आहे, हे कळले तर शहरापुढे काय वाढून ठेवले आहे याचा बराच अंदाज बांधता येतो. ते न कळले तर दर वर्षीची साथ ही जणू पहिलीच साथ होते.

प्रथम पाण्याविषयी, कारण या तापाचे मूळ पाण्याच्या भांड्यात आहे. बऱ्हाणपूरची कीर्ती ज्या गोष्टींसाठी आहे त्यांत कुंडी भंडारा ही एक. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान या शहरी असताना, सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणण्याची योजना सिद्ध झाली. हिंदी दोहे लिहिणारा रहीम तो हाच. भुयारास बेताचा उतार दिलेला, त्यावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, आणि पाणी कोणत्याही रहाटावाचून केवळ स्वतःच्या भाराने वाहत येणारे. इराणात अशा भुयारांस कनात म्हणतात. हिंदुस्थानात इतक्या सुस्थितीत राहिलेले त्याचे उदाहरण विरळा. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्या योजनेतील उगमांची नावेही मोठी गोड आहेत.

अशा वाहत्या, जमिनीखालच्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढत नाही. तेच पाणी घरी आले, हंड्यात, रांजणात, हौदात, गच्चीवरील टाकीत साठले आणि झाकणावाचून आठवडाभर राहिले, म्हणजे तेथे तो वाढतो. एडीस इजिप्ती हे त्या डासाचे शास्त्रीय नाव. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, चावतो तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. गटाराचे घाण पाणी त्यास मानवत नाही. माणसाने जपून ठेवलेले स्वच्छ पाणी हेच त्याचे घरटे. मादी पाण्याच्या कडेस, ओलसर भिंतीवर अंडी घालते. भांडे रिकामे करून कोरडे ठेवले तरी ती अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी पडताच फुटतात. म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावे लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावी हा जो सरकारी उपदेश आहे, त्याचे गणित एवढेच आहे. आणि ज्या वस्तीच्या नावातच एक वार आहे, तिने तो दिवस शोधण्यास दूर जावयास नको.

देवळांविषयी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. देवळाचे तळे म्हणजे डेंग्यूचे आगर, असे काही सुशिक्षित मंडळी बेधडक बोलतात. गोमंतकात मंगेशीसारख्या देवस्थानांपुढील तळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांस ठाऊक आहे की, ती मोठी, उघडी आणि बहुधा मासे असलेली असतात. हा डास अशा विस्तीर्ण पाण्यास भुलत नाही. त्यास हवे असते लहान, सावलीतले, कोणाचे लक्ष नसलेले पाणी. ते देवळात असते, परंतु अन्यत्र: मागील अंगणात टाकलेल्या नारळाच्या करवंट्या, तुळशीवृंदावनाखालचे ताट, पाय धुण्याचा लहान हौद, उत्सवानंतर पडून राहिलेले द्रोण आणि पिंपे. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटले यांनी हिवतापावरील आपला अहवाल दिला आणि शहरातील विहिरी बुजविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा पूजेस विहिरीचेच पाणी हवे म्हणून हिंदू व पारशी या दोन्ही समाजांतून विरोध झाला होता. तो हिवतापाचा डास वेगळा, तो प्रश्नही वेगळा. करवंट्यांच्या बाबतीत मात्र कोणत्याही शास्त्राची आड येत नाही.

आता नावाकडे वळू. ‘डेंग्यू’ हा शब्द आपल्याकडे आला तो बराच फिरून. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत अचानक आकडी आल्यासारखे धरणाऱ्या तापास ‘कि-डिंगा पेपो’ म्हणत. तोच शब्द वेस्ट इंडीज बेटांत स्पॅनिश वळण घेऊन ‘डेंग्यू’ झाला, असे बहुतेक विद्वान मानतात. अमेरिकेत १७८० साली फिलाडेल्फियाच्या साथीचे वर्णन करणाऱ्या बेंजामिन रश यांनी त्यास हाडमोडीचा ताप म्हटले. आपले वैद्य त्यास दंडकज्वर म्हणतात. नावे इतकी, आणि सर्वांचा आधार एकच: रोग्यास होणारी वेदना. वेदनेवरून ठेवलेल्या नावाने रोगाचे कारण कळत नाही, ही गोष्ट पुढे फार महाग पडली.

१८७० साली जेम्स ख्रिस्ती नावाचे डॉक्टर झांजिबार येथे होते. तेथे उठलेल्या साथीचे त्यांनी काळजीपूर्वक टिपण केले. तीच साथ एडनमार्गे १८७१-७२ मध्ये मुंबईस उतरली आणि तेथून देशभर पसरली. योगायोग पाहा: त्याच १८७० च्या मार्चमध्ये मुंबईहून जबलपूर-अलाहाबादमार्गे कलकत्त्यापर्यंतचा लोहमार्ग अखंड झाला होता, आणि भुसावळ व खंडवा यांच्यामध्ये, त्याच मार्गावर, बऱ्हाणपूर आहे. जो ताप पूर्वी गलबताच्या आणि बैलगाडीच्या वेगाने जाई, तो आता आगगाडीच्या वेगाने जाऊ लागला. त्या काळच्या डॉक्टरांनी या साथीस डेंग्यू म्हटले, आणि शंभर वर्षे सर्व ग्रंथांत तेच छापले गेले.

परंतु ती साथ डेंग्यूची होती काय? वेल्लोर येथे विषाणूंवर काम केलेले डोनाल्ड केरी यांनी १९७१ साली एक लेख लिहून ही शंका काढली. जुन्या वर्णनांत सांधेदुखी महिनोन्‌महिने टिकते, रोगी वाकून काठी टेकीत चालतात. हे लक्षण डेंग्यूपेक्षा चिकुनगुन्याशी अधिक जुळते. हाच डास दोन्ही रोग पसरवितो, ताप दोहोंतही एकाएकी येतो, पुरळ दोहोंतही उठते. केरी यांचे म्हणणे असे की, १८२३-२४ आणि १८७०-७२ या दोन्ही मोठ्या साथी बहुधा चिकुनगुन्याच्या असून नाव मात्र डेंग्यूस मिळाले. आम्हांस हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो. तो सर्वांस पटो वा न पटो, एवढे खरे की त्या काळचा एक थेंब रक्तही आज उपलब्ध नाही, म्हणून वाद मिटविण्याचे साधनच उरले नाही.

जुन्या ज्वरांची अशीच दशा आहे. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे, म्हणजे या निमाड प्रांतातच, बाजीराव पेशव्यांचा अंत झाला. ज्वराने झाला, एवढे आपण सांगतो; तो कोणता ज्वर, यावर उन्हापासून हिवतापापर्यंत तर्क करीत बसण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही.

डेंग्यूचे एक कोडे विसाव्या शतकाच्या आरंभी सुटले. १९०६ साली ऑस्ट्रेलियात बँक्रॉफ्ट यांनी एडीस डासावर बोट ठेवले, आणि १९०७ साली मनिला येथे अ‍ॅशबर्न व क्रेग यांनी दाखविले की, रोग्याचे रक्त अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले तरी त्यातील रोगकारक पलीकडे जातो. अर्थात तो जंतू नव्हे, विषाणू आहे. मात्र प्रत्यक्ष विषाणू हाती लागला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४३ साली नागासाकीच्या साथीत किमुरा आणि होत्ता या जपानी संशोधकांनी तो उंदरांच्या पिलांत वाढविला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे आल्बर्ट सेबिन यांनी हवाई व न्यू गिनी येथील, तसेच कलकत्त्यास आजारी पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या रक्तातील विषाणू वेगळे केले.

सेबिन यांच्या कामातील मर्माची गोष्ट यापुढची आहे. स्वयंसेवकांस एका ठिकाणच्या विषाणूने ताप आणल्यावर त्यांस तोच विषाणू पुन्हा दिला, तर ते आजारी पडत नसत. परंतु हवाईचा विषाणू पचविलेल्यास काही महिन्यांनी न्यू गिनीचा दिला, की तो पुन्हा अंथरुणास खिळे. यावरून डेंग्यू एक नसून निदान दोन आहेत, हे ठरले. कलकत्त्याचा विषाणू हवाईच्या बाजूचा, म्हणजे पहिल्या प्रकारचा निघाला. १९५६ साली मनिला येथे मुलांना रक्तस्रावी ताप होत असता विल्यम हॅमन व त्यांचे सहकारी यांस आणखी दोन सापडले. ते तिसरा आणि चौथा प्रकार होत.

भागवतात बाणासुराच्या युद्धाची कथा आहे. शंकरांचा ज्वर तीन मस्तकांचा, तीन पायांचा; त्यावर श्रीकृष्णाने वैष्णव ज्वर सोडला आणि एका ज्वराने दुसऱ्यास पळवून लावले. आमच्या काही वाचकांस हा ज्वर चार मस्तकांचा म्हणून गमतीचा वाटेल. परंतु कथेत आणि या ज्वरात एक फार मोठा भेद आहे. येथे एक ज्वर दुसऱ्यास पळवून लावीत नाही. तो दुसऱ्यासाठी वाट तयार करून ठेवतो.

ही गोष्ट उलगडली बँकॉक येथे, १९६० नंतरच्या दशकात. स्कॉट हॉल्स्टेड हे तेथे मुलांच्या रक्तस्रावी तापाचा अभ्यास करीत होते. त्यांस असे दिसले की, जी मुले झटक्याने गंभीर होतात त्यांपैकी बहुतेकांस पूर्वी एकदा दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू होऊन गेलेला आहे. पहिल्या आजाराने शरीरात जे प्रतिपिंड तयार झालेले असतात ते नव्या प्रकारास ओळखतात, पण पुरते मारू शकत नाहीत. उलट त्यास चिकटून त्यास पेशीत शिरावयास मदत करतात. ओळखीच्या माणसाने अनोळखी चोरास वाड्यात आणून सोडावे, तसा हा प्रकार. दुसरा डेंग्यू झालेला प्रत्येक जण गंभीर होतो असे मुळीच नाही. बहुतेक बरे होतात. तथापि धोका पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी अधिक, हे सिद्ध झाले.

त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण क्यूबा या बेटाचे. १९७७ साली तेथे पहिल्या प्रकाराची साथ आली. लोक तापले, बरे झाले, फारसे कोणी दगावले नाही. १९८१ साली दुसरा प्रकार आला. त्या एका साथीत ३,४४,२०३ रोगी नोंदले गेले आणि १५८ मृत्यू झाले. त्यांपैकी १०१ मुले होती. तेच बेट, तोच डास आणि बव्हंशी तीच माणसे. चार वर्षांत बदलला तो विषाणूचा प्रकार.

आता आपल्याकडे येऊ. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून पुण्यास विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९७८ साली तेच राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. क्यासनूर जंगलातील माकडतापाचा शोध हे त्याचे गाजलेले काम. डेंग्यूच्या प्रकारांचा माग काढण्याचे काम त्या मानाने संथ, आणि वृत्तपत्रांत न येणारे. साथीच्या गावी जाऊन तापाच्या पहिल्या दिवसांत रोग्याचे रक्त घ्यावयाचे, बर्फात ठेवून पुण्यास आणावयाचे, त्यातील द्रव एक-दोन दिवसांच्या उंदराच्या पिलाच्या मेंदूत टोचावयाचा आणि वाट पाहावयाची. पिलू आजारी पडले तर त्याच्या मेंदूतील द्रव दुसऱ्या पिलास, मग तिसऱ्यास. डेंग्यूचा विषाणू उंदरात सहजी रुजत नाही, त्यामुळे अशा अनेक पिढ्या कराव्या लागत. विषाणू हाती आल्यावर त्याची जात पाहण्यासाठी चारही प्रकारांचे ज्ञात रक्तद्रव घेऊन एकेक लावून पाहावयाचा. ज्या रक्तद्रवाने विषाणू निष्प्रभ होईल, ती त्याची जात. सराफाने कसोटीवर सोने घासावे तशी ही परीक्षा होती. भेद इतकाच की सराफास क्षणभर पुरतो, येथे महिने जात.

किती काळ जाई याची कल्पना एका उदाहरणाने येईल. १९६६ साली जबलपूर येथे तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तिच्या कारणाचा शोध घेतला. तो शोधनिबंध छापून प्रसिद्ध झाला १९७३ साली. सात वर्षांत त्या साथीत तापलेले मूल शाळेतून बाहेर पडले असेल. यात कोणाचा आळस नव्हता. साधनेच तशी होती. परंतु गावास इशारा देण्याच्या दृष्टीने अशा उत्तराचा उपयोग काय, हा प्रश्न राहतोच.

त्याच दशकात देशभर नकाशा हळूहळू भरत होता. १९६३ साली कलकत्त्यास जी साथ उठली तीत डेंग्यूचा दुसरा प्रकार आणि चिकुनगुन्या हे दोन्ही एकाच वेळी सापडले. हिंदुस्थानातील प्रयोगशाळेच्या पुराव्याने सिद्ध झालेली डेंग्यूची पहिली मोठी साथ ती हीच. १९६५ साली नागपुरास आणि १९७३ साली भगवंताच्या बार्शीस आलेल्या तापांत चिकुनगुन्या निघाला, त्यानंतर तो देशातून नाहीसा झाल्यासारखा झाला आणि २००५ साली पुन्हा अवतरला. वेल्लोर येथे त्या दशकाच्या अखेरीपर्यंत डेंग्यूचे चारही प्रकार नोंदले गेले.

सर्वांत बोलके उदाहरण कानपूरचे. १९६८ साली तेथील साथीत चौथा प्रकार होता. १९६९ साली चौथा आणि दुसरा असे दोन्ही एकत्र. १९७० साली शेजारच्या हरदोई येथील साथीत केवळ दुसरा. तीन पावसाळ्यांत एका विषाणूने दुसऱ्यास जागा करून दिली, आणि ती देवघेव कोणीतरी वर्षामागून वर्ष रक्त घेत राहिला म्हणूनच दिसली. एकाच वर्षी रक्त घेतले असते तर कानपुरास ‘डेंग्यू आला होता’ इतकीच नोंद राहिली असती.

याच सुमारास पुण्याच्या केंद्रात एक असे काम झाले की ज्याचे मोल मराठी वाचकांस फारसे ठाऊक नाही, याचे आम्हांस नवल वाटते. १९६७ साली के. आर. पी. सिंग यांनी एडीस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांतील पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या. ‘करंट सायन्स’ या बंगळूरच्या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. डेंग्यूचा विषाणू उंदरात अडखळतो, पण डासाच्या पेशीत तो घरच्यासारखा वाढतो. पुढे १९७८ साली इगाराशी या जपानी शास्त्रज्ञाने सिंग यांच्याच पेशींतून निवडून सी-६/३६ नावाचा वाण काढला. आज जगात जेथे जेथे डेंग्यूचा विषाणू वाढवितात, बँकॉकपासून ब्राझीलपर्यंत, तेथे बहुधा याच वाणाच्या पेशी असतात. त्या पेशींचे कुलमूळ पुण्याचे आहे.

यानंतरची साधने वाचकांच्या ओळखीची आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९२ साली पीसीआर पद्धतीने डेंग्यूचे चारही प्रकार वेगळे ओळखण्याची रीत प्रसिद्ध झाली. विषाणूच्या जनुकद्रव्याच्या प्रती वाढवून त्याची जात वाचावयाची. महिन्यांचे काम एका दिवसावर आले. जुने विषाणूही या पद्धतीने पुन्हा वाचता आले. पुण्याच्या संस्थेने १९५६ पासून जपून ठेवलेल्या नमुन्यांचे जनुकवाचन करून २०१० साली दाखविले की, दुसऱ्या प्रकाराचा जो पोटभेद आपल्याकडे प्रथम होता तो कालांतराने मागे पडून त्याची जागा दुसऱ्या पोटभेदाने घेतली. पन्नास वर्षे शीतपेटीत ठेवलेली कुपी ही एखाद्या देवस्थानच्या जुन्या दफ्तराइतकीच मोलाची असते. दोहोंतही लिहिणारास ठाऊक नसते की, पुढे कोण कशासाठी वाचणार आहे.

१९९६ साली दिल्लीस दुसऱ्या प्रकाराने जो कहर केला तो अनेकांस आठवत असेल. १०,२५२ रोगी आणि ४२३ मृत्यू असा त्या शहराचा आकडा आहे. २००३ साली त्याच दिल्लीत चारही प्रकार एकाच मोसमात सापडले, आणि ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने दिल्ली-ग्वाल्हेर भागात तिसरा प्रकार प्रबळ होत असल्याचे दाखविले. चौथा प्रकार कित्येक वर्षे क्वचितच दिसत होता. तो २००७ साली आंध्रात पुन्हा आढळला. आणि २०१२ साली जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने मध्य भारतातही त्याचे अस्तित्व सिद्ध केल्याचे प्रसिद्ध केले. १९६६ साली ज्या जबलपूरचा प्रश्न पुण्यास न्यावा लागला होता, त्याच जबलपुरात आता उत्तर निघू लागले. २०१५ साली त्याच संस्थेने मध्य भारताच्या ग्रामीण भागात पहिल्या प्रकाराच्या साथी प्रथमच उठल्याचे नोंदविले. शहराचा म्हणून समजला जाणारा ताप खेड्यात गेला होता. नळ आले, टाक्या आल्या, प्लास्टिकची पिंपे आली आणि त्यांच्या मागोमाग डासही आला.

शनवाऱ्यातील माणसाच्या दृष्टीने आता मुख्य गोष्ट सांगावयाची. दवाखान्यात डेंग्यूची जी सामान्य तपासणी होते ती दोन तऱ्हेची. एक तापाच्या पहिल्या दिवसांत विषाणूचा विशिष्ट अंश, ज्यास एनएस-१ म्हणतात, तो शोधते. दुसरी साधारण पाचव्या दिवसानंतर आयजीएम नावाचे प्रतिपिंड शोधते. या दुसरीची साधने पुण्याच्या संस्थेत तयार होऊन देशभरच्या निवडक सरकारी रुग्णालयांस जातात. दोन्ही तपासण्या ‘डेंग्यू आहे’ एवढे सांगतात. ‘कोणता’ हे त्यांतील एकही सांगत नाही. ते सांगण्यास पीसीआर लागते, आणि पीसीआरला विषाणू रक्तात असतानाचे रक्त लागते, म्हणजे पहिल्या चार-पाच दिवसांतले. आपल्याकडे मनुष्य प्रथम काढा घेतो, मग ओळखीच्या औषधवाल्याकडून गोळी, आणि सहाव्या दिवशी दवाखाना. तोवर रोग्याचा उपचार करता येतो, पण विषाणूची जात सांगणारा साक्षीदार निघून गेलेला असतो.

उपचाराच्या बाबतीतही हा उशीर घातक आहे. डेंग्यूचा धोका ताप चढतो तेव्हा नसून उतरतो तेव्हा असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठले पाहिजे. अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामके या तापात वर्ज्य, कारण ती रक्तस्राव वाढवितात. या रोगावर विषाणू मारणारे औषध आजही नाही. परंतु वेळेवर व मोजून दिलेल्या द्रवाने गंभीर रोग्यांतील मृत्यू शेकडा वीसवरून शेकडा एकच्याही खाली येतो. ज्यास पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे त्याने हे डॉक्टरांस आपण होऊन सांगितले पाहिजे. आणि ज्या शहरात काही वर्षांपूर्वी एक प्रकार फिरून गेला आहे तेथे यंदा दुसरा आल्याचे ऑगस्टमध्येच कळले, तर नवरात्राच्या गर्दीपूर्वी खाटा, सलाईन आणि रक्तपेढी यांची तजवीज करता येते. प्रकारांचा माग ठेवण्याचे व्यावहारिक फळ ते हे.

लशीच्या कथेत तर या ज्ञानाचे मोल रक्ताने लिहिले गेले. फिलिपाइन्समध्ये २०१६ साली शाळकरी मुलांस डेंग्यूची पहिली लस सामुदायिकरीत्या देण्यास आरंभ झाला. लाखो मुलांस ती दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात निर्मात्या कंपनीनेच जाहीर केले की, ज्यांस पूर्वी डेंग्यू झालेलाच नाही अशांस ही लस दिल्यास पुढे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. शरीराने लशीसच पहिला डेंग्यू मानले, आणि पुढचा खरा डेंग्यू त्यास दुसरा ठरला. मोहीम तत्काळ थांबली, देशभर क्षोभ उसळला, आणि इतर लशींवरील लोकांचा विश्वासही त्यात डळमळला. हॉल्स्टेड यांनी बँकॉकहून आणलेला इशारा अर्धशतक जुना होता.

त्यामुळे आपल्याकडे जी देशी लस तयार झाली आहे तिची परीक्षा सावधपणे चालणे क्रमप्राप्त आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या ‘डेंगीऑल’ या लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीस ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे आरंभ झाला. १८ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १९ ठिकाणी १०,३३५ हून अधिक प्रौढांस तीत घेण्याचे ठरले. लस एका मात्रेची आहे, पण तिच्यात चारही प्रकारांचे निर्बल केलेले विषाणू आहेत, आणि चारही प्रकारांपासून ती सारखेच संरक्षण देते की नाही हे ठरविण्यासाठी टोचलेल्यांवर दोन वर्षे नजर ठेवावयाची आहे. त्या दोन वर्षांत त्यांपैकी कोणी तापले, तर डेंग्यू झाला की नाही एवढे पाहून चालणार नाही. त्याच्या रक्तातला विषाणू पहिला, दुसरा, तिसरा की चौथा, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे लागेल.